रेषेखाली किती आणि यादीत कोण?

दिवाळीत पुण्या-नाशिकचे नातेवाईक इंदुरात आले की पोहे-जिलबी आटोपल्यावरचा एक विषय हल्ली ठरलेला असतो : आमची लाडकी बहीण की तुमची लाडली बहना? तारखा काढल्या तर वाद तिथेच मिटतो. मध्य प्रदेशात पहिला हप्ता १० जून २०२३ ला बँकेत पडला, महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये. पण वाद मिटवायचा कुणाला असतो! एक काका म्हणतात, सरकारने लोकांना फुकट खायची सवय लावली. त्यांच्या समोरच बसलेल्या काकू म्हणतात, आमच्याकडे पोळ्यांना येते तिचं नाव कशातच नाही, आणि दुमजली घरवाले मात्र रेशन उचलतात.

काकांचं फुकटाचं गणित बाजूला ठेवू. काकूंच्या एकाच वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या तशा का असतात, हे नीट पाहिलं तर गरिबीविषयीच्या सरकारी धोरणातला बराचसा गुंता उलगडतो. पैसा किती दिला, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो : गरीब कोण, आणि ते ठरवायचं कसं?

रेषा

दारिद्र्यरेषेच्या हिशेबातलं एक मोठं काम पुण्यात झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये एक साधा प्रश्न मांडला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न ज्या घरात शिजतं, त्या घराचा माणशी महिन्याचा खर्च किती असतो? १९६०-६१ च्या भावाने उत्तर आलं, खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. पुढे १९७९ मध्ये योजना आयोगाच्या अलघ गटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या, कारण खेड्यात अंगमेहनत जास्त. म्हणजे सुरुवातीची रेषा ही पोट भरण्याची रेषा होती. शाळेची फी, औषधपाणी, खोलीचं भाडं याचा स्वतंत्र विचार तिच्यात नव्हता.

२००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरींना बांधून घेणं सोडलं आणि शिक्षण-आरोग्यावरचा खर्चही हिशेबात घेतला. त्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची रेषा निघाली ती खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये, शहरात १,००० रुपये. दिवसाचे तेहतीस. त्याच सुमारास योजना आयोगाने शहरासाठी दिवसाला ३२ रुपयांचा आकडा सर्वोच्च न्यायालयात सांगितला आणि देशभर संताप उसळला, ते अनेकांना आठवत असेल. मग रंगराजन समिती बसली. तिने २०१४ मध्ये रेषा वर सरकवली, खेड्यात ९७२ आणि शहरात १,४०७. एवढ्याने देशातले गरीब सुमारे २७ कोटींचे ३६ कोटी झाले. वर्ष तेच, माणसं तीच, कुणाच्याही घरातलं काही बदललेलं नाही. रंगराजन समितीची रेषा सरकारने अधिकृतपणे स्वीकारली नाही आणि त्यानंतर दुसरी काढलीही नाही.

आता जे आकडे वाचायला मिळतात ते दुसऱ्याच पट्टीवरचे असतात. नीती आयोग बहुआयामी गरिबी मोजतो. त्यात उत्पन्न विचारतच नाहीत. पोषण, बालमृत्यू, शाळेत काढलेली वर्षं, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, बँक खातं अशी बारा निदर्शकं असतात. त्यांना ठरावीक वजनं दिलेली आहेत आणि एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वजनाच्या गोष्टी नसतील तर माणूस गरीब. या मोजणीने मध्य प्रदेशातलं प्रमाण २०१५-१६ च्या ३६.५७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २०.६३ टक्क्यांवर आलं. ही घट खरी आहे. घरात गॅस आला, संडास झाला, वीज आली, खातं उघडलं, हे बदल आपण डोळ्यांनी पाहिले आहेत. पण याच पट्टीवर एखाद्याची मजुरी एका पैशानेही न वाढता तो गरिबीतून बाहेर पडू शकतो, हेही लक्षात ठेवावं. जागतिक बँकेची पट्टी आणखी वेगळी. तिने जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला ३ डॉलर केली, तीही क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे बाजारातल्या विनिमय दराने गुणायची नाही. तिच्या मते भारतात २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के लोक या रेषेखाली होते.

तेव्हा टीव्हीवर कुणी 'गरिबी इतकी कमी झाली' म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा, कोणत्या पट्टीवर?

आणि या सगळ्या आकड्यांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांच्यावरून कुणालाही काही मिळत नाही. हे आकडे नमुना पाहणीतून येतात. काही लाख घरांना प्रश्न विचारून देशाचा अंदाज बांधतात. त्यातून 'किती' ते कळतं, 'कोण' ते कळत नाही. रेशन दुकानदाराला, दवाखान्याला, बँकेला नाव लागतं. ते नाव यादीतून येतं, आणि यादी हा निराळाच कारभार आहे.

यादी

एक कुटुंब कल्पू या. इंदूरच्या बाणगंगेत भाड्याच्या खोलीत राहणारं, पाच माणसांचं. नवरा गोदामात हमाली करतो. बायको दोन-तीन घरी पोळ्या आणि भांडी करते. तिचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. सासू ६४ वर्षांची, मुलगा सातवीत, मुलगी दुसरीत. बऱ्या महिन्यात दोघांचे मिळून सोळा हजार येतात, म्हणजे माणशी तीन हजार दोनशे. तेंडुलकरांची शहरी रेषा आजच्या भावाने दुपटीच्या पुढे गेली असं धरलं तरी हे कुटुंब रेषेच्या वर बसतं. कागदोपत्री गरीब नाही. पण महिनाभर हमाली बंद पडली की यांच्याकडे भाड्याला पैसे नसतात.

सुदैवाने रेशनचा कायदा त्या रेषेला बांधलेला नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. अगदी गरीब अशा अंत्योदय कुटुंबांना घरटी ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो असा भाव होता. जानेवारी २०२३ पासून तेवढेही पैसे लागत नाहीत. आपल्या कुटुंबाला महिन्याला २५ किलो. बाजारात घ्यायला गेलं तर सहा-सातशे रुपये तरी जातील.

मध्य प्रदेशात हे धान्य मिळवायला कार्डाबरोबर 'पात्रता पर्ची' लागते. कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानावर जो शब्द सतत कानावर पडतो तो हाच. पर्ची मिळायला राज्याने ठरवलेल्या गटांपैकी एकात बसावं लागतं : बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालचे, अंत्योदय, बांधकाम मजूर, घरकामगार, हमाल-तुलावटी (माल उचलणारे-तोलणारे), फेरीवाले असे अनेक गट आहेत. आपलं कुटुंब दोन गटांत बसतं. मग पर्ची मिळायला हवी. पण इथे दुसरं कुलूप आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

कायद्यातले ७५ आणि ५० टक्के हे जनगणनेच्या लोकसंख्येचे आहेत, आणि हाती असलेली शेवटची जनगणना २०११ ची. त्यावरून देशासाठी ८१.३५ कोटी लोकांची कमाल मर्यादा ठरली आणि तिचे राज्यवार वाटे पडले. मध्य प्रदेशाचा वाटा सुमारे ५.४६ कोटींचा. २०२१ ची जनगणना झाली नाही. इंदूर मात्र थांबलं नाही. पंधरा वर्षांत बायपास ओलांडून शहर पसरलं, बांधकामाला माणसं आली, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. वाटा तेवढाच राहिला. भरलेल्या सिटीबससारखी ही गत आहे : कुणी उतरल्याशिवाय पुढच्या थांब्यावरचा चढू शकत नाही, त्याच्याकडे तिकिटाचे पैसे असोत वा नसोत. म्हणून 'अर्ज मंजूर आहे, पर्ची निघालेली नाही' असं विचित्र उत्तर लोकांना मिळतं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता की जुन्या जनगणनेमुळे देशात १० कोटींहून जास्त लोक रेशनबाहेर राहिले आहेत. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद झालेल्या पण रेशनकार्ड नसलेल्या ८ कोटी कामगारांना कार्डं द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे नवे आकडे येऊन वाटे बदलायला अजून वेळ आहे.

आता काकूंच्या दोन तक्रारींकडे येऊ. यादीत दोन प्रकारच्या चुका होतात. पात्र माणूस बाहेर राहतो ही एक. अपात्र माणूस आत येतो ही दुसरी. अडचण अशी की एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. निकष कडक करा, चार कागद जास्त मागा, दुमजली घरवाला बाहेर जाईल खरा, पण त्याच्या आधी ती पोळ्यांना येणारी बाहेर जाईल, कारण कागद जमवायला सुट्टी, पैसे आणि ओळख लागते आणि या तिन्ही गोष्टी दुमजली घरात जास्त असतात. निकष सैल केले तर तिला मिळेल, पण त्यालाही मिळेल. माझं मत विचाराल तर दुसरी चूक परवडते. अपात्र माणसाने पाच किलो गहू नेला तर सरकारचे काही रुपये गेले. पात्र माणूस सुटला तर त्या घरातल्या पोराच्या ताटातून वजा होतं. बातम्या मात्र नेहमी अपात्र माणसाच्या येतात. 'श्रीमंताच्या नावावर बीपीएल कार्ड' हा मथळा होतो. कार्ड नसलेली बाई मथळा होत नाही.

निकषांचा इतिहास वाचला तर तो करमणुकीचा वाटावा असा आहे. २००२ च्या ग्रामीण बीपीएल पाहणीत तेरा प्रश्न होते आणि गुण होते, शून्य ते बावन्न. घरात कपडे किती, संडास कसला, दोन वेळचं जेवण मिळतं का, यावर गुण. कमी गुण म्हणजे गरीब. परीक्षेत नापास होण्याचा फायदा असणारी ही बहुधा एकमेव परीक्षा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत खेड्यांसाठी उलट पद्धत आली. मोटारसायकल आहे, फ्रिज आहे, लँडलाइन फोन आहे, घरातल्या कुणाचीही कमाई दहा हजारांवर आहे? बाहेर. ज्या हमालाने कामावर जाता यावं म्हणून जुनी मोटारसायकल हप्त्यावर घेतली तो या फूटपट्टीने संपन्न झाला. ग्रामीण घरकुल योजनेतून दुचाकी आणि फ्रिजची अट २०२४ मध्ये निघाली, कमाईची मर्यादा पंधरा हजारांवर गेली. तेरा वर्षं लागली.

राज्याची हद्द

आपल्या मराठी घरांत एक प्रश्न जास्त येतो, म्हणून तो वेगळा घेते. आपल्या कल्पित कुटुंबातली सून जळगावची. लग्न होऊन इंदुरात आली. तिचं नाव माहेरच्या रेशनकार्डात राहिलं असेल तर आधी तिकडे कमी करावं लागतं, मग इकडे चढतं. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे २०२२ पासून देशातल्या कुठल्याही राज्याच्या कार्डावर इंदुरातल्या दुकानातून धान्य उचलता येतं. ते आधारावर चालतं. पण हे फक्त केंद्राच्या कायद्यातल्या धान्यापुरतं. राज्याच्या योजना त्या कार्डाबरोबर प्रवास करत नाहीत.

मध्य प्रदेशात राज्याच्या बहुतेक योजनांचं दार 'समग्र' नावाच्या नोंदणीतून उघडतं. घराला आठ आकडी आयडी, घरातल्या प्रत्येकाला नऊ आकडी. शाळेतली शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन, लाडली बहना, असंघटित कामगारांची संबल योजना, सगळीकडे हाच आकडा मागतात. सुनेचं नाव सासरच्या समग्रमध्ये चढलं नाही, किंवा आधारवर 'सुनिता' आणि समग्रवर 'सुनीता' असं झालं, की ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, अडकते. नावात एक वेलांटी फिरली की पैसे फिरतात. महाराष्ट्रातल्या आधारवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, इकडच्या कागदावर नवऱ्याचं, यात किती घरांनी हेलपाटे घातले असतील त्याला गणती नाही.

जातीच्या दाखल्याचं तर आणखी अवघड आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला मूळ राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा नव्या राज्यात आपोआप लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं आहे. मूळ राज्यात मिळालं असतं ते इथे मिळेलच असं नाही.

रोख

लाडली बहनाकडे आता येऊ, नाहीतर नातेवाईक रुसतील. हजार रुपयांनी सुरुवात झाली, ऑक्टोबर २०२३ पासून १,२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५०० झाले. सुमारे सव्वा कोटी बायकांना महिन्याला १,५०० म्हणजे दरमहा एकोणीसशे कोटींच्या आसपास. हा लहान खर्च नाही, आणि सरकारला त्यासाठी हात कुठे आखडावा लागतो हे विचारणं रास्तच आहे. पण थेट रोख देण्यामागे एक तर्क आहे. वस्तू दिली तर ती वाटेत कुणीतरी खातं. पैसा बाईच्याच खात्यात गेला तर मधल्या हातांची संख्या कमी होते आणि तो कशावर खर्च करायचा हे तिला ठरवता येतं. जनधन खाती २०१४ मध्ये उघडली नसती तर हे जमलं नसतं.

कोण बसतं ते मात्र बारकाईने पाहावं. मध्य प्रदेशात बाई विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता हवी, वय २१ ते ६०, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांखाली. अविवाहित बाई नाही. महाराष्ट्रात वय ६५ पर्यंत आणि घरातली एक अविवाहित मुलगीही चालते. लग्न न झालेली, आई-वडिलांना सांभाळणारी चाळिशीतली इंदुरी बाई या योजनेला दिसतच नाही. २०२३ च्या दुसऱ्या फेरीनंतर नव्या नावांचं दारही दीर्घकाळ बंद राहिलं. त्यानंतर एकविसाव्यात आलेल्या नव्या सुना बाहेरच. महाराष्ट्रात उलटा गोंधळ झाला. आधी घाईने नावं घेतली, मग छाननीत लाखो नावांचे हप्ते थांबले आणि त्यात काही हजार पुरुषही सापडले. दोन राज्यांनी दोन्ही प्रकारच्या चुका आपापसांत वाटून घेतल्या म्हणायच्या.

सगळ्यात खटकणारी गोष्ट साठीच्या उंबरठ्यावर आहे. साठ पूर्ण झाले की लाडली बहनाचे १,५०० बंद. मग म्हातारपणाची पेन्शन, ती मध्य प्रदेशात ६०० रुपये, आणि तीही नाव बीपीएल यादीत असेल तर. म्हणजे हात चालत असताना जास्त आणि हात थकल्यावर निम्म्याहून कमी. आपल्या गोष्टीतली ६४ वर्षांची सासू याच जागी उभी आहे. केंद्राचा या पेन्शनमधला वाटा ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून हललेला नाही. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, कारण तो किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. म्हातारीचे दोनशे कशालाच बांधलेले नाहीत. कुठलीही रोख योजना जाहीर झाली की रकमेपेक्षा हे आधी विचारावं : भाव वाढले तर ही वाढणार का, की निवडणुकीची वाट बघणार?

गरिबीत पडणं

यादीची कल्पनाच एका समजुतीवर उभी आहे की गरीब हा कायमचा गरीब असतो, त्याला एकदा शोधून लिहून ठेवलं की झालं. पण घरं खाली पडतात. इंदूरला हे सांगायची गरज नसावी. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. त्या दिवशी तिच्यात सहा हजारांच्या जवळपास कामगार होते, पक्की नोकरी, पगार, फंड असलेले. ते कुठल्याही गरिबांच्या यादीत नव्हते. वर्षभरात त्यांतले कित्येक रिक्षा चालवत होते, भाजी विकत होते, चौकीदारी करत होते. त्यांच्या थकबाकीच्या २२४ कोटींचा प्रश्न सुटला तो २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. तोवर कित्येकांच्या जागी त्यांच्या विधवा किंवा मुलं रांगेत होती.

आजारपण हा दुसरा खड्डा. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखान्यातला उपचार मोफत मिळतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, मग घर कितीही श्रीमंत असो. मध्य प्रदेशात पात्रता पर्चीवाली आणि संबल कार्डवाली कुटुंबंही त्यात येतात. फायदा झाला, पण एक गोष्ट बघा. पर्ची निघाली नाही म्हणून ज्याचं धान्य हुकलं, त्याचा दवाखानाही हुकण्याची शक्यता वाढली. एका यादीतली चूक दुसऱ्या यादीत उतरते. शिवाय भरती झाल्यावरच हे कार्ड कामाला येतं. महिनोन्‌महिने बीपी-शुगरच्या गोळ्यांवर जाणारा पैसा बहुतेक खिशातूनच जातो, आणि गरीब घर हळूहळू पोखरतं ते याच खर्चाने.

संबल योजनेबद्दल शहरी मराठी घरांत फार कमी माहिती दिसते. २०१८ पासूनची ही राज्याची योजना असंघटित कामगारांसाठी आहे. नोंदणी असलेल्या कामगाराचा नैसर्गिक मृत्यू झाला तर घराला २ लाख, अपघाती मृत्यू झाला तर ४ लाख. कमावता माणूस गेल्यावर घर कर्जात बुडू नये, एवढा हेतू. अट एकच, नोंदणी जिवंतपणी झालेली हवी.

काम गेल्यावर काम द्यायची हमी मात्र फक्त खेड्यात आहे. रोजगार हमीची ही कल्पना मूळची महाराष्ट्रातली, वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये तिचा राज्याने कायदा केला, २००५ मध्ये केंद्राने. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा आणला. त्यात वर्षातले कामाचे दिवस १०० चे १२५ झाले आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार आला. शहराला जुन्यातही काही नव्हतं, नव्यातही नाही. नीती आयोगाच्या २०१५-१६ च्या आकड्यांत अलिराजपूर जिल्ह्यात सत्तर टक्क्यांच्या वर लोक बहुआयामी गरीब होते आणि इंदुरात अकराच्या आसपास. तिथला माणूस इथे मजूर चौकात येऊन उभा राहतो तेव्हा गावाची हमी मागे राहते आणि शहराची यादी त्याला ओळखत नाही.

वस्ती

आतापर्यंतच्या सगळ्या योजना माणूस शोधणाऱ्या होत्या. इंदूरने एकेकाळी वस्ती शोधून बघितली, आणि मला स्वतःला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९८४ मध्ये मध्य प्रदेशाने शहरातल्या भूमिहीनांना, ते जिथे झोपडी बांधून राहत होते तिथलाच पट्टा, म्हणजे जागेचा हक्क, देण्याचा कायदा केला. उद्या बुलडोझर येणार नाही हे कळलं की माणूस स्वतःच्या पैशाने कुडाची भिंत पक्की करतो. त्याला वेगळं अनुदान लागतंच असं नाही. त्याच दशकाच्या अखेरीस ब्रिटिश मदतीतून वस्तीसुधाराचा प्रकल्प सुरू झाला आणि अभियंता हिमांशु पारीख यांनी त्याची आखणी केली. त्यांनी नकाशा पाहिला तेव्हा लक्षात आलं की इंदूरच्या बहुतेक झोपडपट्ट्या खान आणि सरस्वती नद्यांच्या, नाल्यांच्या काठाने आहेत. म्हणजे शहराचं पाणी नैसर्गिक उताराने जिकडे वाहतं तिथेच. मग गटारं वस्तीला वळसा घालून न्यायची कशाला? वस्त्यांमधूनच न्या. वस्तीलाही गटार, शहरालाही गटार. सुमारे १८३ वस्त्यांत हे काम झालं आणि १९९८ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे देखभालीकडे दुर्लक्ष झालं, काही ठिकाणी गटारं तुंबली, टीकाही कडक झाली. ती टीका खरीच होती. पण कल्पनेत एक शहाणपण होतं. गल्लीत गटार टाकताना कुणाचं बीपीएल कार्ड विचारावं लागत नाही. नळ आला तर सगळ्यांना येतो. अंगणवाडी, शाळेतलं दुपारचं जेवण, रस्त्यावरचा दिवा यांची ताकद हीच आहे की त्यांना यादी लागत नाही. आपल्या बाणगंगेच्या घरातली दुसरीतली मुलगी सरकारी शाळेत जेवते ते कुठल्याही पर्चीशिवाय.

याच्या उलट टोकाला एक उदाहरण आहे. १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाची केंद्राची स्माइल योजना शहरात होती आणि काही लोकांना निवारा, काम मिळालं असेल, मिळालंच असावं. पण चौकातून माणूस दिसेनासा होणं आणि त्याची गरिबी जाणं या दोन मोजण्या वेगळ्या आहेत. सिग्नलवर शांतता आहे म्हणून आपण दुसरी गृहीत धरू नये.

ठेलेवाल्यांचंही तसंच. २०२० पासून स्वनिधी योजनेत त्यांना तारणाशिवाय कर्ज मिळतं. आता पहिला हप्ता १५ हजार, फेडला की २५ हजार, मग ५० हजार. चांगली योजना आहे, कारण सावकाराकडून सकाळी घेऊन संध्याकाळी व्याजासकट परत करणारा माणूस त्यातून सुटू शकतो. मात्र ज्या ठेल्यावर कर्ज दिलं तो ठेला उभा राहायला जागा हवी. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा सर्वेक्षण करून प्रमाणपत्र द्या, विक्रीक्षेत्र आखा, मगच हटवा असं सांगतो. कुठल्याही शहरात एक विभाग कर्ज देतो आणि दुसरा विभाग तोच ठेला उचलून नेतो, तेव्हा हप्ता कशातून फिटायचा?

घरच्या घरी करता येईल असं

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना 'तुम्हाला लाडली बहना मिळते का' एवढंच विचारून थांबू नका. समग्र आयडीची ई-केवायसी झाली आहे का, आधार आणि समग्रवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, खातं आधारला आणि डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला) जोडलेलं आहे का, पर्चीवर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, संबलची नोंद आहे का, हे पाच प्रश्न विचारा. मोबाइल तुमच्या हातात असतोच. यातलं बरंचसं दहा मिनिटांत बघता येतं. अर्ज लोकसेवा केंद्रातून केला तर पावती मिळते आणि त्यावर काम कधीपर्यंत व्हायला हवं ती तारीख असते. मध्य प्रदेशात २०१० पासून त्याचा कायदाच आहे. पावतीशिवाय अर्ज देऊ नये.

काम अडलं तर दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते आणि १८१ या क्रमांकावर सीएम हेल्पलाइन. हेल्पलाइनवरची तक्रार मुदतीत सुटली नाही तर एकेक पायरी वरच्या अधिकाऱ्याकडे जाते, म्हणून खालच्याला ती लवकर बंद करायची घाई असते. मग फोन येतो, 'हो गया है, बंद करवा दो.' पर्ची हातात पडेपर्यंत त्या फोनला हो म्हणायचं नाही, हे ताईंना आधीच सांगून ठेवा.